ताईची कॅसिनोबंदी

मी आयुष्यात एकदाही जुगार खेळलेलो नाही. हे वाक्य मी गेल्या हिवाळ्यात इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलं, की शेवटी शेवटी ते मलाच खोटं वाटायला लागलं.

मी ओलावी रांतला. केटल हार्बरच्या शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला. आमच्या गावाच्या एका अंगाला सुपीरियर सरोवर, दुसऱ्या अंगाला जंगल, आणि मधे कागद गिरणी बंद पडल्यावर उघडलेला कॅसिनो. गिरणी होती तेव्हा गावाला वास यायचा. आता वास येत नाही, एवढीच काय ती प्रगती.

या कॅसिनोत माझी थोरली बहीण इर्मा पहिल्यांदा गेली ती सूप प्यायला. ज्येष्ठ नागरिकांना सोमवारी सूप फुकट असायचं. मेव्हणे गेल्यावर घरी एकटीसाठी सूप करायचा तिला कंटाळा यायचा. सूप संपलं की जरा मशीनवर बसायचं, असं सुरू झालं. पुढे पुढे सूप गार व्हायला लागलं.

हे मला माहीत नव्हतं. गावात कुणालाच नव्हतं. कळलं ते नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी. ताईची नात एमी सात वर्षांची आहे. तिला स्केटिंगच्या वर्गातून घरी आणायचं काम ताईचं. वर्ग सुटायला अवकाश होता म्हणून ताई पाच मिनिटं मशीनवर टेकली. वर्ग सुटला, दिवे मालवले, दाराला कुलूप लागलं, आणि एमी बर्फात उभी. शेवटी बर्फ साफ करणाऱ्या माणसाने तिला आपल्या ट्रकमध्ये बसवलं आणि तिच्या आईला, म्हणजे माझी भाची तार्या हिला, फोन केला.

तार्या आरडाओरडा करणारी मुलगी नाही. तिने दुसऱ्या दिवशी ताईच्या घरी येऊन ताईच्या गाडीतली एमीची खुर्ची काढून नेली.

त्याच दुपारी ताई माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. कोट काढला नाही.

"ओल्या, मला तिथे जाऊ देऊ नकोस."

"मग जाऊ नकोस," मी म्हणालो. मला तेव्हा तो सल्ला फार समंजस वाटला होता.

"एवढं सोपं असतं तर तुझ्याकडे कशाला आले असते? भूगोलाचा मास्तर तू. मला सांग, गावात असा रस्ता कुठला, जो तिथे जात नाही?"

मी मदतवाहिनीला फोन लावला. पलीकडची बाई फारच प्रेमळ होती. मी म्हणालो, "माझ्या बहिणीला जुगाराचा नाद आहे." ती म्हणाली, "बरं. आणि ही तुमची 'बहीण' कधीपासून खेळते?" 'बहीण' हा शब्द तिने असा उच्चारला, की मी उगाचच टेबलावरची साखरदाणी सरळ करायला लागलो. मात्र माहिती तिने चोख दिली. कॅसिनोत जाऊन आपणच आपल्यावर बंदी घालून घेता येते. फोटो काढतात, सही घेतात, मग दारावरचे कॅमेरे चेहरा ओळखतात आणि माणसाला आत सोडत नाहीत. सोबत मंगळवारी चर्चच्या तळघरात एक मदतगट भरतो, तिथेही जावं. नुसतं दार बंद करून भागत नाही, असं ती म्हणाली.

मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे.

निघताना शेजारी ब्रूनो कुंपणापाशी उभा होता. ब्रूनो गिरणीतून निवृत्त झाल्यापासून कुंपणापाशीच असतो. मी नाव न घेता विषय काढला.

"माझ्या चुलतभावाने सोडला ना जुगार," तो म्हणाला. "बायकोने पैज लावली होती, तू महिनाभर काही राहायचा नाहीस. राहिला! पैज जिंकला पठ्ठ्या."

"मग?"

"मग काय, जिंकल्याच्या आनंदात कॅसिनोत गेला." त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "पण तू का विचारतोयस?"

"सहज."

"सहज कुणी विचारत नाही, ओलावी," ब्रूनो म्हणाला, आणि घरात बायकोला सांगायला गेला.

बंदीचं कार्यालय कॅसिनोच्या आत, अगदी मशीनच्या ओळी ओलांडून पलीकडे. म्हणजे दारू सोडायला आलेल्या माणसाला गुत्त्यातून मागच्या खोलीत नेण्यासारखं झालं. मी ताईचा दंड धरून, समोर बघत, परेडला निघाल्यासारखा चाललो होतो. "हात सोड, दुखतोय," ती पुटपुटली. "बाहेर पडल्यावर सोडतो," मी म्हणालो.

आत डेनीस नावाची बाई बसली होती. तिला सर्दी झाली होती आणि तिचा फोन सारखा वाजत होता. तिने दोघांची ओळखपत्रं मागितली. माझं कशाला, असं मी विचारलं. सोबतच्या व्यक्तीची साक्षीदार म्हणून नोंद करावी लागते म्हणे. दोन्ही कार्डांवर रांतला. ताईने लग्नानंतर आडनाव बदललं नव्हतं, या गोष्टीचा आमच्या वडिलांना फार अभिमान होता. तो अभिमान असा महागात पडेल हे त्यांना काय ठाऊक!

मग आग लागल्याचा भोंगा वाजला. खरी आग नव्हती, स्वयंपाकघरात कुणीतरी टोस्ट जाळला होता. पण डेनीस दोनदा उठून बाहेर गेली, दोनदा आली. ताई म्हणाली, "मी जरा तोंडावर पाणी मारून येते, फोटोत बरी दिसेन." माझा गुडघा दुखत होता. खोलीत एकच मोकळी खुर्ची होती, तिच्यावर मी बसलो. समोर कॅमेरा आहे हे मला दिसलं नाही, कारण तो भिंतीवरच्या फळीत बसवला होता. डेनीस शिंकत आत आली, बटण दाबलं आणि म्हणाली, "झालं."

"काय झालं?" मी विचारलं.

"सगळं. इथे सही करा."

साक्षीदार म्हणून मी सही केली. ताई आली, तिनेही केली. डेनीसने आमच्याकडे भरल्या डोळ्यांनी पाहिलं (ते सर्दीने भरले होते हे मला नंतर कळलं) आणि म्हणाली, "खूप धैर्याचं पाऊल आहे." मी मान डोलावली. बाहेर येऊन आम्ही बेकरीत बसून गुलाबी आयसिंगचे दोन पर्शियन बन खाल्ले. काम फत्ते.

पुढच्या शनिवारी आमच्या कर्लिंग क्लबचं, म्हणजे बर्फावर दगड सरकवायचा खेळ खेळणाऱ्यांचं, वार्षिक जेवण होतं. गावात एवढं मोठं सभागृह एकच, कॅसिनोच्या मागच्या बाजूला. मी क्लबचा सचिव, करंडक माझ्या हातात, गळ्यात टाय. दारातून आत पाऊल टाकलं आणि कुठेतरी बारीक टुणटुण झाली. एक आडदांड रक्षक पुढे आला. मी ओळखलं त्याला. डॅरेल फिशर. मागच्या बाकावर बसायचा, नकाशात सुपीरियर सरोवर नेहमी डाव्या बाजूला काढायचा.

"सर," तो हळूच म्हणाला, "चला बाहेर."

"का?"

"सर, प्लीज. तुम्हीच सांगितलंय ना आम्हाला, तुम्हाला आत सोडायचं नाही म्हणून."

"मी सांगितलंय? डॅरेल, मी इथे करंडक द्यायला आलोय!"

"तसं सगळेच काही ना काही कारण सांगतात, सर." तो जवळजवळ रडायच्या बेतात होता. "पहिले काही दिवस कठीण जातात म्हणे."

मागे सगळा क्लब उभा. अध्यक्षांनी माझ्या हातातला करंडक अलगद काढून घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही करुणा होती, की त्यापेक्षा त्यांनी तो माझ्या डोक्यात घातला असता तर बरं झालं असतं.

मागचं दार फक्त आत येण्यासाठी होतं, त्यामुळे डॅरेलने मला मशीनच्या ओळींमधून पुढच्या दाराकडे नेलं. आणि तिथे, खांबाजवळच्या मशीनवर, ताई बसलेली!

"ताई!"

तिने मान वळवली. माझ्याकडे बघितलं, डॅरेलच्या हाताकडे बघितलं. चेहरा पांढरा पडला. मग ती हळूच पुन्हा मशीनकडे वळली. त्या क्षणी मला राग आला नाही. रागाला वेळ लागला. मला फक्त दिसलं की ती उठू शकत नव्हती. समोर भाऊ गचांडी खाऊन बाहेर निघालाय आणि तिला उठता येत नाहीये.

"हिला काढा!" मी ओरडलो. "बंदी हिच्यावर आहे!"

"सर, दुसऱ्या गिऱ्हाइकांना त्रास देऊ नका," डॅरेल म्हणाला.

सोमवारी मी कॅसिनोला फोन लावून चिकटून बसलो. नोंद उघडून बघितल्यावर कळलं ते असं. नाव इर्मा रांतला, चेहरा माझा. कॅमेरा चेहरा बघतो. म्हणजे ताई रोज ऐटीत आत जाऊ शकत होती, आणि मी शेवटपर्यंत बाहेर.

"मग फोटो बदला," मी म्हणालो.

"त्यासाठी फोटोतल्या व्यक्तीला स्वतः कार्यालयात यावं लागेल."

"कार्यालय कुठे आहे?"

"कॅसिनोच्या आत."

"फोटोतल्या व्यक्तीला आत सोडतात का?"

"नाही."

"मग माझं नाव तरी काढा."

"तुमचं नाव त्यात नाहीच आहे, साहेब. त्यामुळे काढता येणार नाही." आणि मग समजुतीच्या सुरात, "शिवाय आपण चुकून नोंदलो गेलो, असं पहिल्या आठवड्यात बरेच जण सांगतात."

तोवर गावात माझं नाव व्हायचं ते झालं होतं. समोरच्या मिसेस ह्नातिशिन कोबीच्या पानात गुंडाळलेल्या भाताच्या उंड्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पोट भरलेलं असलं की मोह कमी होतो." बँकेतल्या मुलीने मी पैसे काढायला गेलो तेव्हा आवाज खाली आणून विचारलं, "नक्की ना?" मला किराणा आणायचा होता! ब्रूनोने त्याची घरची वाइन देऊ केली, एक नाद घालवायला दुसरा चांगला असतो म्हणून. सार्वजनिक सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, बाकावर माझ्या शेजारी उघडाबंब बसलेल्या एका परक्या गृहस्थाने माझ्या पाठीवर हात ठेवून "मीही त्यातून गेलोय" असं सांगितलं. त्या अवस्थेत माणूस उठून तरी कुठे जाणार?

मी ताईकडे गेलो ते भांडायलाच. तिने दार उघडलं आणि म्हणाली, "मी मंगळवारच्या गटाला येते. पण एकटी नाही. तू चल."

चर्चच्या तळघरात गोलात खुर्च्या मांडल्या होत्या. गट चालवणारी लॉरेन ही आधी बस चालवायची. आवाज अजूनही तसाच, शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. आम्ही आत शिरलो तशी ती उठून सरळ माझ्याकडे आली आणि माझे दोन्ही हात हातात घेतले.

"ओलावी. आलात. फार बरं वाटलं."

"माझा गैरसमज... म्हणजे तुमचा गैरसमज झालाय. मी जुगार खेळत नाही."

गोलातल्या सगळ्यांनी एकदमच मान हलवली. खूप प्रेमाने. एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. "मीसुद्धा हेच म्हणायचो," तो म्हणाला.

मी ताईकडे बघितलं. आता ही बोलेल. ती उठली. तिने सगळ्यांकडे बघितलं. आणि काय म्हणाली असेल?

"मी त्याची बहीण. सांभाळून घ्या त्याला."

साठी उलटलेल्या, गावात मान असलेल्या माणसाचा असा बळी त्याच्या सख्ख्या बहिणीने द्यावा! मी उठून जाणारच होतो. इतक्यात ताईने विचारलं, "याला दुपारी दोन ते चार फार जड जातं. घर खायला उठतं. त्या वेळी काय करावं याने?"

मी बसलो.

"त्याच वेळी काहीतरी ठरवून ठेवायचं," लॉरेन मला म्हणाली. "हाताला काम. घरात नाही, बाहेर. आणि तलफ आली की स्वतःला 'कधीच नाही' म्हणायचं नाही, 'अर्ध्या तासाने बघू' म्हणायचं. तेवढ्यात कुणालातरी फोन करायचा. तलफ लाटेसारखी असते हो, चढते तशी उतरते."

"आणि कॅसिनोकडून पत्रं येतात," ताई म्हणाली. "वाढदिवसाची भेट वगैरे. याला वाटतं, आपली आठवण ठेवणारे तेवढेच उरलेत."

मी जमिनीकडे बघत होतो.

"ती पत्रं दुसऱ्या कुणीतरी उघडायची आणि फाडायची," लॉरेन म्हणाली. "संदेश बंद करून टाकायचे. आणि त्याला खोटं बोलावं लागत असेल ना घरी?"

"बोलतो," ताई म्हणाली. "एकदा एका लहान पोरीपेक्षा ते मशीन मोठं झालं त्याला. ते तोंडाने सांगता येत नाही त्याला अजून."

सगळे माझ्याकडे बघत होते. आता मी काय करावं? मी घसा साफ केला आणि म्हणालो, "नाही येत सांगता." माझ्या भूगोलाच्या सबंध कारकीर्दीत माझं एवढं लक्षपूर्वक कुणी ऐकलं नव्हतं.

पण लॉरेन तिथेच थांबली नाही. "आता एक काम करू या. बँकेची कार्डं काढा. इथेच, सगळ्यांसमोर, विश्वासाच्या माणसाच्या हातात द्यायची. बहीण आहेच बरोबर."

"नको!" मी किंचाळलो. "हिच्या हातात नको!"

"बघा," म्हातारा हळहळला, "इथेच जीव अडकतो."

आठ-दहा दयाळू माणसं वाट बघत बसलेली असली की नकार देणं अशक्य होतं. मी पाकीट काढलं. माझी कार्डं गावातल्या सगळ्यात चिवट जुगारी बाईच्या पर्समध्ये गेली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गाडीत बसेपर्यंत मी धीर धरला. दार लावलं आणि तोंड उघडणार, तोच ताईने पर्स उघडली. माझी कार्डं माझ्या मांडीवर ठेवली. मग स्वतःची काढली आणि त्यांच्यावर ठेवली.

"धर. किराण्यापुरतं तूच देत जा. आणि पत्रपेटीची किल्लीही घे." ती काचेतून बाहेर बघत होती. "तुझ्या नावाने बोलले म्हणून बोलता आलं, ओल्या. रागावू नकोस."

"मी रागावलेलोच आहे."

"रागाव मग. पण गाडी सुरू कर, थंडी वाजतेय."

त्यानंतर माझ्या दुपारी माझ्या राहिल्या नाहीत. फोन वाजायचा, "ओल्या, लाट आली." मी बूट चढवायचो. हाताला काम हवं म्हणून आम्ही बर्फ उपसायचो. ताईचं अंगण झालं, माझं झालं, मग ब्रूनोचं, मिसेस ह्नातिशिनचं. ताई एकेक फावडं असं मारायची की जणू खाली मशीन पुरलंय. माझी कंबर गेली. ब्रूनो कुंपणापाशी कॉफी पीत उभा राहायचा आणि ओरडायचा, "शाबास ओलावी! सुधारतोयस हं!"

एकदा तिने फोन केला नाही. मी शोधत गेलो तर दिसली ती कॅसिनोच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या गाडीत, इंजिन चालू. मी शेजारी जाऊन बसलो. मला आत जाता येत नव्हतं, आणि तिला आत जायचं नव्हतं पण निघताही येत नव्हतं. सांगितलं तिला, अर्ध्या तासाने बघू. आम्ही बसून राहिलो. तिने कुठल्याकुठल्या गोष्टी काढल्या, आईच्या हातच्या कालाकुक्कोची म्हणजे मासे भरलेल्या पावाची, सशाला घाबरणाऱ्या आमच्या कुत्र्याची. मग ती एकदम म्हणाली, "भूक लागली." गेली होती लाट.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. डेनीस! कामावरून घरी निघाली होती. तिने आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघितलं, आणि बऱ्याच वेळाने तिच्या डोक्यात काहीतरी जुळलं.

"अरे देवा," ती म्हणाली. "खुर्चीवर तुम्ही होतात!"

नियम काय सांगतो कुणास ठाऊक, पण डेनीस आत गेली, एक सुटा कॅमेरा घेऊन आली आणि तिने गाडीतच ताईचा फोटो काढला. ताईने टोपी काढली, केस नीट केले. "हसू का?" तिने विचारलं. "गरज नाही," डेनीस म्हणाली. ताई हसली नाही. पण तिने नजर सरळ ठेवली.

माझा चेहरा पुसायला मात्र वरच्या कार्यालयाची परवानगी लागते, ती अजून यायची आहे.

त्या मंगळवारी आम्ही गटात गेलो तर दाराजवळच्या खुर्चीवर तार्या बसलेली. मला बघून उठली. "मामा, मला ब्रूनोच्या बायकोकडून कळलं. तू एकटा आहेस असं वाटायला नको म्हणून आले." आईकडे तिने बघितलंही नाही.

ताई दारातच थबकली. मला वाटलं ही आता मागे फिरेल. लॉरेनने नेहमीप्रमाणे मला विचारलं, "ओलावी, आज तुम्ही सुरुवात करता?"

"मी करते," ताई म्हणाली. ती बसली नाही, खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. "मी इर्मा. इतके दिवस मी याच्या नावाने बोलले, ते सगळं माझं होतं. माझ्या नातीला मी बर्फात उभं ठेवलं. पाच मिनिटं म्हणून बसले, आणि मला घड्याळ दिसत होतं. लोक म्हणतात भान राहत नाही. मला भान होतं. मी बघत होते आणि उठत नव्हते."

तार्या मांडीवरच्या हातमोज्यांकडे बघत राहिली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हाताऱ्याने ताईसमोर कॉफीचा कप सरकवला.

सभा संपल्यावर दोघी दाराशी समोरासमोर आल्या.

"मी अजून रागावलेली आहे," तार्या म्हणाली.

"अस की."

"एमीला इतक्यात नाही पाठवणार."

"नको पाठवूस. तुला वाटेल तेव्हाच."

तार्याने कोटाची बटणं लावली, एक चुकलं, पुन्हा लावलं. "पण घरी मी सोडते तुला. मामा बर्फात कशी गाडी चालवतो ते मी बघितलंय."

चाळीसेक वर्षं या गावाच्या बर्फात गाडी चालवतोय मी! पण माझी बाजू ऐकायला थांबतंय कोण? दोघी निघून गेल्या. खुर्च्या मिटायला मी आणि लॉरेन उरलो. आभार वगैरे कुणी मानले नाहीत. मी चिडून एकेक खुर्ची आपटत होतो, आणि आपटता आपटता तळघराच्या झरोक्यातून वर लक्ष गेलं. तार्याची गाडी जागची हलली नव्हती. आत दोघी बोलत होत्या. तार्या हातवारे करत होती, ताई ऐकत होती. पार्किंगमध्ये दुसरा दिवा नव्हता, आमच्या खिडकीतून पडत होता तेवढाच उजेड.

"चला, दिवे घालवू या," लॉरेन म्हणाली. तिचा हात बटणावर होता. "बहीणभाऊ दोघांनाही हाच नाद असणं नवीन नाही हो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. निघायचं ना?"

मी मिटलेली खुर्ची पुन्हा उघडली आणि तिच्यावर बसलो.

"नको," मी म्हणालो. "आत्ता घरी गेलो तर पाय तिकडेच वळतील. जरा बसता का माझ्याजवळ?"

लॉरेनने बटणावरचा हात काढला आणि माझ्यासमोर खुर्ची ओढली. "बोला," ती म्हणाली. "हवा तेवढा वेळ घ्या."